बाँडवर सही करायच्या आधी: प्रेसखाली बोटं गेलेल्या भावाच्या बहिणीला

येळ्ळूरच्या एका ताईंनी विचारलंय: "माझा भाऊ, वय 28, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. पाच आठवड्यांपूर्वी पॉवर प्रेसखाली उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं आणि मधलं अशी दोन बोटं मुळापासून गेली. त्याच्या शेजारचं बोट राहिलंय, पण वाकत नाही. पगार 14,000, निम्मा गुगल पेवर, निम्मा हातात. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड नाही. शॉपमध्ये मालकाची आठ माणसं आणि ठेकेदाराची पाच, भाऊ ठेकेदाराकडचा. मालकांनी खासगी दवाखान्याचं बिल भरलं. आता 40,000 देतो म्हणतात आणि कन्नडमध्ये टाईप केलेल्या बाँडवर सही मागतात. भावाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मेस्त्री म्हणतो, गार्ड यानंच काढलं होतं, केस केलास तर हेही मिळणार नाही. काय करावं?"

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण ती सही तेवढी होऊ देऊ नका. "नुसती पैसे मिळाल्याची पोच आहे" असं सांगितलं तरी नको. त्या बाँडचा फोनवर फोटो काढता आला तर काढून ठेवा, पुढं तोच तुमच्या उपयोगाला येईल. सही होऊन गेली असती तरी सगळं संपलं नसतं, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्यानं रद्दच ठरतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात तसं होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. पण रद्द असलेला कागद रद्द आहे हे कोर्टात दाखवत बसण्यात महिने जातात, आणि तेवढ्या महिन्यांत घरात पगार येत नसतो. मालक नेमके त्यावरच विसंबून असतात.

आता मेस्त्रीच्या बोलण्याकडे वळतो, कारण तुमच्या भावाच्या मनात तेच जास्त सलत असणार. वकिलीत येण्याआधी चार वर्षं मी उद्यमबागेतच फिटर होतो, प्रेसची दुरुस्ती केलीय. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की क्लचमधली 'की' (अडकवणारी खुंटी) बसते, शाफ्ट एक फेरा घेतो, पंच (ठोका मारणारा वरचा भाग) खाली येऊन वर जातो आणि ती 'की' परत सुटते. ही 'की' झिजली, स्प्रिंग मेली किंवा ब्रेकचा पट्टा ढिला झाला तर ती सुटत नाही. मग पॅडलवर पाय नसताना पंच दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपमध्ये याला "प्रेस डबल मारतो" म्हणतात. पहिल्या स्ट्रोकनंतर ऑपरेटर जॉब (तयार झालेला तुकडा) काढायला हात आत घालतो, आणि जॉब उचलला जातो अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांच्या चिमटीत. म्हणून प्रेसखाली जातात ती बहुतेक वेळा हीच दोन बोटं. तुमच्या भावाची कुठली बोटं गेली हे वाचल्यावर मला पहिली शंका डबल स्ट्रोकची आली. त्याला शांतपणे विचारा: आधी कधी प्रेस डबल मारला होता का, कुणाला सांगितलं होतं का, मेस्त्रीनं काय उत्तर दिलं. तो काय सांगतो ते मराठीत, त्याच्याच शब्दांत, तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हे तपशील पुसट होतात.

गार्डचं म्हणाल तर, लोखंडी जाळीचं गार्ड पट्टी बाजूनं सरकवायची असेल तिथं नीट चालतं. छोटे ब्लँक (पत्र्याचे कापलेले तुकडे) हातानं ठेवायचे असले की हात अडतो आणि पाळीचा आकडा पुरा होत नाही. मग ते गार्ड एक दिवस टूल बॉक्सच्या मागं जाऊन पडतं, आणि मालकापासून मेस्त्रीपर्यंत सगळ्यांना ते माहीत असतं. कायदा काय म्हणतो? कामगाराचा निष्काळजीपणा हा भरपाई नाकारायला पुरेसा नाही. इथं चूक कुणाची हा प्रश्नच नाही, काम करताना कामामुळं इजा झाली एवढं पुरतं. मालकाला सुटका मिळते ती फार थोड्या वेळा: कामगार नशेत होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठीच आहे हे माहीत असताना गार्ड हेतुपुरस्सर काढलं, आणि अपघात त्यामुळंच झाला. हे मालकानं सिद्ध करायचं असतं, तुम्ही नाही. ज्या शॉपमध्ये गार्ड महिनोन् महिने बाजूला पडलंय आणि त्यावरच रोज उत्पादन घेतलं जातंय, तिथं "यानंच काढलं" हे टिकवणं सोपं नाही. शिवाय मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव मालकाला मिळतच नाही.

म्हणून भावाला सांगा, हात घातला ही चूक नव्हती. जॉब काढायचं तेच काम त्याला दिलं होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्यापुढं दोन दारं आहेत, आणि कुठल्या दारातून जायचं हे तुमच्या आवडीवर नाही, शॉपमधल्या डोक्यांच्या संख्येवर आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू. तुम्ही आठ आणि पाच लिहिलंय. मालक कदाचित म्हणतील, माझ्याकडं आठच, बाकीचे ठेकेदाराचे. तसं चालत नाही. त्याच जागेत, त्याच कामावर असलेली ठेकेदाराची माणसंही मोजायची असतात. एकूण तेरा होतात. पगाराची मर्यादा महिन्याला 21,000 आहे, तुमच्या भावाचा 14,000, म्हणजे तो आत बसतो. आणि एकदा लागू झाल्यावर पुढं माणसं कमी झाली तरी ईएसआय सुटत नाही.

"पण कार्डच काढलं नाही की!" हे मी दर महिन्याला ऐकतो. कार्ड न काढणं हा मालकाचा गुन्हा आहे, कामगाराचा हक्क त्यानं जात नाही. आस्थापना ईएसआयखाली येत असेल तर तिथला कामगार विमाधारकच मानला जातो. कामावरच्या अपघाताला अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. कामाच्या पहिल्या दिवशी बोट गेलं तरी लाभ मिळतो. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि चुकवलेल्या मालकाकडून वसूल करतं. तुम्ही ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या: शॉपचं नाव-पत्ता, तिथं काम करणाऱ्या तेरा जणांची नावं, ठेकेदाराचं नाव, अपघाताची तारीख-वेळ, पगाराचा पुरावा. महामंडळाचा अधिकारी तिथं जाऊन तपासणी करतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

हे मान्य झालं की काय मिळतं ते बघा. कामावर जाता येत नाही तेवढे दिवस पगाराच्या 90 टक्के, म्हणजे 14,000 ला साधारण 12,600 महिन्याला. उपचार ईएसआयमधून. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम येते. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के, तीन गेली तर 30 टक्के. 20 टक्क्यांना महिन्याला अडीच हजारांच्या आसपास, 30 ला पावणेचार हजारांच्या आसपास, तहहयात. पुढं तो दुसऱ्या कामाला लागला तरी ही रक्कम थांबत नाही. मला विचाराल तर 28 वर्षांच्या पोराला हे दार जास्त हिताचं आहे. एकरकमी पैसा आमच्याकडं घराच्या स्लॅबला नाहीतर बहिणीच्या लग्नाला जातो, हे मी पाहिलंय.

मात्र ईएसआय लागू असताना त्याच इजेसाठी भरपाईचा दावा वेगळा लावता येत नाही. काही वकील मित्र घाईनं भरपाईचा दावा टाकतात, मालकाचा वकील पहिल्याच तारखेला "ईएसआय लागू आहे" म्हणतो, आणि वर्षभरानंतर दावा उडतो. गंमत नव्हे ही. ज्या मालकानं वर्गणी कधी भरली नाही, तोच ईएसआयची ढाल पुढं करतो. म्हणून आधी डोकी मोजा.

तपासात शॉप दहाच्या खाली निघालं, तर दुसरं दार: भरपाईचा दावा. जुन्या 1923 च्या कायद्यातली ही सगळी व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात आली आहे. हिशेबाची रीत तीच राहिली आहे, म्हणून तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो. पगाराच्या 60 टक्के घ्यायचे: 14,000 चे 8,400. त्याला वयाच्या गुणकानं गुणायचं. 28 वर्षांना गुणक आहे 211.79. गुणाकार येतो 17,79,036. ही झाली कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. दोन बोटांना 20 टक्के, म्हणजे 3,55,807 रुपये. आता ते न वाकणारं तिसरं बोट. परिशिष्टातच लिहिलंय की अवयवाचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला असेल तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. ते बोट कायमचं निकामी आहे असं डॉक्टरांनी दिलं, तर तीन बोटं, 30 टक्के, म्हणजे 5,33,711 रुपये. एका बोटाच्या वाकण्या-न-वाकण्यावर पावणेदोन लाखांचा फरक पडतो, आणि तुमच्याकडं सही मागतायत पाचव्या आठवड्यात, बोटाचं काय होणार हे डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही तेव्हा.

त्यात भर अशी: भरपाई अपघात झाला त्या दिवशीच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसताना थकवली तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च मालकानंच करायचा असतो आणि तो भरपाईतून वजा करता येत नाही. "मी आधीच दीड लाख बिल भरलंय" असं तुम्हाला ऐकवतील. त्यांनी भरलं हे चांगलं केलं, पण त्याचा हिशेब वेगळा. ठेकेदाराचा माणूस असला तरी दावा मूळ मालकावर लावता येतो; नंतर त्यांनी ठेकेदाराकडून वसूल करावं. दोघांनाही प्रतिवादी करा. मालकाकडं कामगार विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही करा.

परिशिष्टाच्या टक्केवारीपाशी थांबायलाच हवं असंही नाही. 1975 साली सुप्रीम कोर्टापुढं एका सुताराचं प्रकरण गेलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणजे याच्या कामापुरतं अपंगत्व संपूर्ण आहे. मालक-वकिलांना हा निकाल आवडत नाही, पण पन्नास वर्षं तो उभा आहे. तुमचा भाऊ प्रेस ऑपरेटर, उजवखोरा, आणि त्याच्या चिमटीची दोन्ही बोटं गेलेली. त्याच्या वकिलानं हा मुद्दा आग्रहानं मांडावा.

अशाच एका दाव्यात समोरच्या वकिलांनी साक्षीच्या वेळी विचारलं होतं, "तीन बोटं आहेत की, मग काम का होत नाही?" मी खिशातलं रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि त्या पोराला म्हटलं, उचल. तो अंगठा आणि अनामिका जुळवायला बघत होता. नाणं काचेवरून सरकत सरकत टेबलाच्या कडेला गेलं, शेवटी त्यानं डाव्या तळहातात पाडून घेतलं. जज्जसाहेबांनी ते सगळं बघितलं आणि स्टेनोला लिहून घ्यायला सांगितलं. डॉक्टरच्या दाखल्यानं जे तीन तारखांत झालं नव्हतं ते त्या अर्ध्या मिनिटात झालं.

आता कागद. माझ्या अनुभवात दावे बुडतात ते कायद्यापायी नव्हे, दवाखान्याच्या पहिल्या पानापायी. जखमी माणूस शुद्धीवर-बेशुद्धीवर असतो, सोबत मेस्त्री असतो, आणि "कसं झालं?" या डॉक्टरच्या प्रश्नाला उत्तर मेस्त्री देतो. "घरी दारात सापडलं", "गाडीवरून पडला". पोलिसांकडं खबर जाऊ नये म्हणून हे केलं जातं. खानापूर भागातल्या एका कामगाराच्या केस पेपरवर मोटरसायकलवरून पडल्याचं लिहिलं होतं. त्याची दोन बोटं सरळ कापलेली, आणि अंगावर दुसरा ओरखडा नाही! आम्ही दवाखान्यातली सगळी रजिस्टरं मागवली. त्याच रात्री ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं तिच्या वहीत "प्रेस मशीन" असं दोन शब्दांत लिहून ठेवलं होतं. त्या दोन शब्दांवर तो दावा उभा राहिला. पण तीन वर्षं गेली.

तेव्हा उद्याच दवाखान्यात जा, भावाच्या सहीचा अर्ज देऊन पूर्ण केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची) नोंद असेल तर तिची प्रत मागा. हिस्टरीच्या रकान्यात काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. खोटं लिहिलं असेल तर घाबरू नका, पण मग पोलिसात लेखी तक्रार आणि सोबतच्या कामगारांचं म्हणणं लवकर नोंदवणं फार महत्त्वाचं. यंत्राबाबतचा हयगयीपणा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याला पाठवा आणि पावती जपा. गुगल पेचा सहा महिन्यांचा हिशेब काढून घ्या. मेस्त्रीनं व्हॉट्सअॅपवर पाळी कळवली असेल, "उद्या लवकर ये" म्हटलं असेल, ते मेसेज पुसू नका. फोन बदलू नका. शक्य असेल तर त्या प्रेसचा फोटो एखाद्या मित्राकडून मिळवा, पण त्या मित्राची नोकरी जाईल असं काही करायला लावू नका.

कारखाने व बॉयलर खात्यालाही कळवा. पूर्वी वीज वापरणारं शॉप दहा कामगारांवर फॅक्टरी ठरायचं, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची जी वेगळी नवी संहिता आहे तिच्यात तो आकडा 20 झालाय. माझ्या मते उद्यमबाग, मच्छे, होनगासारख्या भागांतल्या छोट्या शॉप्ससाठी हा बदल वाईट आहे, कारण इथं बोटं जातात ती याच आकाराच्या शॉपमध्ये. तरी दहाच्या वरच्या आस्थापनेला सुरक्षेची कर्तव्यं आहेतच. मालकानं कर्तव्य चुकवल्यामुळं गंभीर इजा झाली असं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला निदान निम्मा भाग जखमीला द्यावा असा आदेश कोर्ट करू शकतं. अधिकारी येऊन प्रेस बघून गेला की त्याचा अहवाल तुमच्या दाव्यातही लागतो. उशीर केलात तर क्लचची नवी 'की' बसवलेला, रंग मारलेला प्रेस त्याला दिसेल.

भाषेचं. आपल्या भागात हा प्रश्न प्रत्येक कागदावर येतो. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहेच. तरी मी माझ्या पक्षकारांना सांगतो, खाली कन्नड तर्जुमा जोडा. हक्क सोडा म्हणून नव्हे, टेबलावरच्या माणसाला वाचायला सोपं जावं आणि अर्ज पडून राहू नये म्हणून. उलट बाजूनं मात्र कडक राहा: जो कागद भावाला वाचता येत नाही त्यावर, तुमच्या विश्वासातल्या माणसानं मराठीत ओळ न् ओळ सांगितल्याशिवाय, सही नाही. कोर्टात तो मराठीत सांगू शकतो. माझे कित्येक पक्षकार तसेच बोललेत आणि बेळगावच्या कोर्टात कुणी त्यांना अडवलं नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न निपाणी, चंदगड भागातूनही मला विचारला जातो, म्हणून सांगून ठेवतो. इकडची माणसं शिनोळीला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गोव्यात कामाला जातात, चंदगडची इकडं येतात. अपघात तिकडं झाला म्हणून भरपाईचा दावा तिकडंच लावायला हवा असं नाही. अपघाताची जागा, कामगाराचं किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचं राहण्याचं ठिकाण, किंवा मालकाचं नोंदणीकृत ऑफिस, या तिन्हींपैकी कुठंही दावा चालतो. कागलमध्ये हात गेलेला निपाणीचा माणूस आपल्याच भागात दावा लावू शकतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण भरपाईच्या या दाव्याला सीमा आडवी येत नाही. बेळगाव जिल्ह्यात हे दावे वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांपुढं चालत आलेत. संहितेत आता "सक्षम अधिकारी" असा शब्द आहे, म्हणून दाखल करण्याआधी कोर्टाच्या फायलिंग विभागात विचारून घ्या. मुदत अपघातापासून दोन वर्षं. निकालावर अपील हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जातं, आणि मालकाला अपील करायचं तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते. ही फार मोठी सोय आहे.

शेतातल्या माणसांनाही हे लागू आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. मळणी मशीन, कडबा कुट्टी, गुऱ्हाळाचा चरक: विजेवर किंवा इंजिनवर चालणाऱ्या यंत्रावर मजुरीनं लावलेल्या माणसाचा हात गेला तर तोही भरपाई मागू शकतो. खानापूर, चंदगडकडं सुगीच्या दिवसांत अशा किती बायकांचे पदर, किती हात पट्ट्यात गेले ते मी पाहिलंय, आणि दावा मात्र क्वचित कुणी लावतं. "आपल्याच भावकीतला आहे, कसा लावायचा?" म्हणतात. एवढंच ध्यानात ठेवा, बाईला एकरकमी भरपाई द्यायची असली किंवा कामगार मेला असला तर पैसे परस्पर हातात देऊन व्यवहार मिटत नाही. ते अधिकाऱ्याकडं जमा करावे लागतात. परस्पर दिलेला पैसा भरपाई धरलाच जात नाही.

आणि ज्यांच्या शॉपमध्ये अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण ती वेळेवर कुणाला आठवत नाही. बोट तुटून पडलं तर आधी हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात बुडवू नका, हळद-चहापूड लावू नका. आणि ज्या दवाखान्यात हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया होते तिथं फोन करत करतच निघा. प्रेसखाली चेंगरलेलं बोट बहुतेकदा जोडता येत नाही, पण कटरवर किंवा करवतीवर सरळ तुटलेलं जोडलं जाऊ शकतं.

मालकाशी भांडण करा असं मी सांगत नाही. उद्यमबागेतले बरेच मालक स्वतः एकेकाळी लेथवर उभे राहिलेले आहेत, आणि तुमच्या भावाच्या मालकांनी बिल भरलं हे मी विसरत नाही. त्यांना सरळ जाऊन सांगा: 40,000 नकोत, आमची नोंद ईएसआयमध्ये करून द्या, अपघाताचा अहवाल भरा. ऐकलं तर उत्तमच. नाही ऐकलं तर तुम्ही अर्ज देणार आहात हेही सांगून या. ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ (कामावर जाता येत नाही तेव्हाचा) सुरू असताना त्याला कामावरून काढता येत नाही. वकिलाच्या फीची काळजी असेल तर बेळगाव कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगाराला, उत्पन्न कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो. आधार कार्ड, वयाचा दाखला आणि दवाखान्याचे कागद घेऊन जा. वय नीट सिद्ध व्हायला हवं, गुणक त्यावरच ठरतो.

शेवटी त्या तिसऱ्या बोटाबद्दल. बोट वाकलं नाही तर टक्के वाढतील म्हणून कुणी फिजिओथेरपी बंद ठेवायला सांगेल. मी असे सल्ले दिलेले ऐकलेत. त्यांचं ऐकू नका. रोज कोमट पाण्यात हात धरून, डॉक्टरनी दाखवलेत तसे व्यायाम त्याच्याकडून करून घ्या, दुखलं तरी. प्रत्येक वेळी गेल्याची चिठ्ठी त्याच फायलीत लावत जा. बोट वाकलं तर त्याला आयुष्यभर शर्टाची बटणं स्वतः लावता येतील. नाही वाकलं तर उपचार पूर्ण करूनही वाकलं नाही हे त्याच चिठ्ठ्या दाखवतील.